छताची ताकद ठोकून कळते का?

कोळशाच्या भूमिगत खाणीत कामगार उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब नसतो. वर असतो तो निसर्गाने घातलेला थर. कधी वालुकाश्म, कधी शेल, तर कधी दोन्हींचे पातळ पापुद्रे एकावर एक. घराच्या स्लॅबमध्ये सिमेंट किती आणि सळई किती, हे इंजिनिअर ठरवतो. खाणीचे छत मात्र जसे मिळाले तसे घ्यावे लागते. ते किती भार पेलेल याचा अंदाज चुकला, तर चुकीचा हिशेब रुग्णालयाच्या अपघात विभागात येऊन पोहोचतो : मोडलेला मणका, चिरडलेला पाय, फुटलेला खुबा आणि कित्येकदा त्याहूनही वाईट. भारतातल्या भूमिगत कोळसा खाणींमध्ये छत किंवा बाजूची भिंत कोसळणे हे जीवघेण्या अपघातांचे एक प्रमुख कारण राहिले आहे.

म्हणून ‘हा दगड किती मजबूत आहे?’ हा प्रश्न केवळ भूशास्त्राचा उरत नाही. तो सुरक्षिततेचा आणि आरोग्याचाही आहे.

महाराष्ट्रात दगड म्हटले की डोळ्यांसमोर सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट येतो. तो लाव्हा थंड होऊन बनला. विदर्भाच्या पूर्व भागात मात्र वेगळे खडक आहेत. नागपूरजवळचा कामठी, उमरेडचा परिसर आणि वर्धा नदीच्या खोऱ्यातले वणी, चंद्रपूर, बल्लारपूर या पट्ट्यात कोळसा सापडतो तो गाळाच्या खडकांत. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू, माती आणि झाडपाला थरांवर थर दबून हे खडक तयार झाले. या भागातल्या एका खडकसमूहाला ‘कामठी’ हेच नाव आहे. बेसॉल्टचा गुणधर्म बऱ्याच अंतरापर्यंत सारखा राहू शकतो. गाळाच्या खडकात हातभर अंतरावर वाळू संपून चिकणमातीचा थर लागतो आणि मजबुती निम्म्याहून कमी होते.

सरळ चाचणीची अडचण

खडकाची ताकद मोजण्याची सरळ पद्धत समजायला सोपी आहे. ड्रिल मशिनने जमिनीतून दगडाचा दंडगोल काढायचा. त्याला ‘कोअर’ म्हणतात. त्याचा व्यास साधारण ५४ मिलिमीटर आणि लांबी व्यासाच्या अडीच ते तीन पट. दोन्ही टोके घासून अगदी सपाट करायची आणि यंत्राच्या दोन पोलादी तबकड्यांमध्ये तो उभा ठेवून फुटेपर्यंत दाबायचा. जितक्या भाराला तो फुटला, त्याला क्षेत्रफळाने भागले की दाब सहन करण्याची ताकद मिळते. ती मेगापास्कलमध्ये सांगतात. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलोचा भार. घरांसाठी वापरतात त्या ‘एम-२५’ काँक्रीटची ताकद २५ मेगापास्कल धरली जाते. पाच ते पंचवीस मेगापास्कलचा खडक कमकुवत, पन्नास ते शंभरचा मजबूत आणि शंभराच्या पुढचा फार मजबूत, अशी आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे.

अडचण पुढे आहे. शेलचा कोअर बाहेर काढला की बिस्किटांच्या चवडीसारखा चकत्या-चकत्यांनी सुटतो. चिकणमातीचे प्रमाण जास्त असलेला खडक ड्रिलिंगच्या पाण्यानेच फुगतो. टोके घासायला घेतली की कडा ढासळतात. परिणामी, चाचणीसाठी लागणारा सरळ, अखंड दंडगोल मिळतो तो मजबूत थरांमधून. कमकुवत थराचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतच नाही. गावातले आजारपण मोजताना पायी चालत दवाखान्यात येऊ शकणाऱ्यांनाच मोजले आणि अंथरुणाला खिळलेल्यांना वगळले, तर गाव ठणठणीत आहे असाच निष्कर्ष निघेल. इथेही तेच होते. छत पडते ते सहसा त्याच्या सर्वांत दुबळ्या थरापाशी आणि नेमका तोच थर अहवालात नसतो.

म्हणून अप्रत्यक्ष चाचण्यांची गरज पडते. त्या स्वस्त आहेत, लवकर होतात आणि तुटक्या-मुटक्या तुकड्यांवरही करता येतात.

नख, चाकू आणि हातोडी

यातली सर्वांत जुनी तपासणी भूशास्त्रज्ञाच्या खिशात असते. नखाने ओरखडा उमटला, तर खडकाची ताकद एक मेगापास्कलच्याही आत. खिशातल्या चाकूने साल निघाली, तर पाचच्या आत. चाकूने कष्टाने निघाली, तर पाच ते पंचवीस. चाकू चालत नाही, पण हातोडीच्या एका घावात तुकडा तुटतो, तर पंचवीस ते पन्नास. एकाहून अधिक घाव लागले, तर त्याच्या वर. ही तपासणी ढोबळ वाटते, पण जगभरच्या नियमपुस्तिकांत तिला जागा आहे.

त्यापुढची पायरी म्हणजे ‘पॉइंट लोड’ चाचणी. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील ब्रॉक आणि फ्रँकलिन यांनी १९७२ साली तिला शिस्तबद्ध रूप दिले. हाताने दाबायच्या जॅकला दोन बोथट पोलादी शंकू बसवलेले असतात. त्यांच्या टोकांमध्ये दगडाचा तुकडा धरायचा आणि तो दुभंगेपर्यंत दाब वाढवायचा. तुकडा घडीव असण्याची गरज नाही आणि यंत्र खाणीच्या तोंडाशी नेता येते. तुटताना लागलेल्या भाराला तुकड्याच्या मापाच्या वर्गाने भागले की ‘पॉइंट लोड निर्देशांक’ मिळतो.

इथे एक खुबी आहे. मोठा तुकडा तुलनेने कमी निर्देशांक दाखवतो, लहान तुकडा जास्त. म्हणून सगळे आकडे ५० मिलिमीटर मापावर आणून मगच त्यांची तुलना करतात. रक्तदाब मोजताना दंडाच्या मानाने पट्टा अरुंद असला की आकडा फुगतो आणि त्यासाठी वेगवेगळ्या मापांचे पट्टे ठेवावे लागतात, तसाच हा प्रकार. शिवाय एका तुकड्यावर विसंबत नाहीत. किमान दहा तुकडे तोडायचे, सर्वांत जास्त दोन आणि सर्वांत कमी दोन आकडे बाजूला ठेवायचे आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. भेग दोन्ही टोकांमधून न जाता कडेनेच गेली असेल, तर ती चाचणी बाद.

टकटक ऐकणारे

‘श्मिट हॅमर’ हे दुसरे साधन. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांनी ते १९४०च्या दशकाच्या अखेरीस काँक्रीटसाठी बनवले. नळीतला स्प्रिंगचा दांडा पृष्ठभागावर आदळतो आणि जितका उसळून मागे येतो तितका आकडा दिसतो. कठीण पृष्ठभागावरून उसळी जास्त, मऊ पृष्ठभागावरून कमी. एका जागी साधारण वीस ठोके घेतात.

ठोकून आतली अवस्था ओळखण्याची युक्ती वैद्यकालाही ओळखीची आहे. ऑस्ट्रियाचे डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून आतले पाणी ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ते खानावळवाल्याचे पुत्र होते. पिंप ठोकून त्यात दारू किती उरली ते ओळखतात, हे त्यांना ठाऊक होते. खाणीतले अनुभवी कामगारही पहारीने छत ठोकून आवाज ऐकतात. खणखणीत आवाज आला तर थर घट्ट आहे. ढबढब असा पोकळ आवाज आला तर तो वरच्या थरापासून सुटला आहे. असे सुटलेले दगड आधीच पाडून टाकणाऱ्या कामगाराला खाणीत ‘ड्रेसर’ म्हणतात.

श्मिट हॅमरची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. तो फक्त पृष्ठभागाशी बोलतो. वरची साल झिजलेली असेल तर आकडा कमी येतो, तुकडा लहान असून ठोक्यासरशी हलला तरी कमी येतो आणि फार मऊ शेलवर दांडा नुसता रुततो.

ब्राझीलचे चर्च आणि वाकणारे छत

तिसऱ्या चाचणीचे नाव ‘ब्राझिलियन’ आहे आणि त्यामागे एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रिओ दि जानेरो शहरात नवा रुंद रस्ता काढताना एक जुने चर्च आडवे आले. ते पाडण्याऐवजी रुळांवर ठेवून सरकवावे अशी कल्पना निघाली. युद्धामुळे पोलादाची टंचाई होती, म्हणून रूळ काँक्रीटचे करायचे ठरले. आडवा ठेवलेला काँक्रीटचा रूळ वरून दाबला तर कसा फुटतो, हे तपासताना फर्नांडो कार्नेरो या इंजिनिअरच्या लक्षात आले की तो बरोबर मधोमध उभा चिरतो. म्हणजे दाबाने नव्हे, तर आडव्या ताणाने फाटतो. १९४३ साली त्यांनी ही चाचणी मांडली. चर्च वाचले नाही. चाचणी जगभर पसरली.

खाणीसाठी ती महत्त्वाची का? दोन भिंतींच्या मधला छताचा थर फळीसारखा खाली वाकतो. वाकलेल्या फळीच्या खालच्या बाजूला ताण बसतो. दगड दाबाला चिवट असतो, पण ताणाला फार दुबळा. त्याची ताण सहन करण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या साधारण एक दशांश असते. त्यामुळे छताला तडा जातो तो सहसा ताणाने. ब्राझिलियन चाचणीत दगडाची जाड चकती आडवी धरून दाबली की ही ताकद कळते. लांब, अखंड कोअरची गरज पडत नाही.

चौथी पद्धत सोनोग्राफीच्या घराण्यातली. दगडाच्या एका टोकाला ध्वनिलहर सोडायची आणि दुसऱ्या टोकाला ती किती वेळात पोहोचते ते पाहायचे. दाट, घट्ट दगडातून लहर वेगाने जाते. भेगा आणि पोकळ्या असल्या की रेंगाळते. नमुना फुटत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

एकच दगड, तीन उत्तरे

आता मुख्य मुद्दा. यातली बहुतेक साधने दाबाची ताकद स्वतः मोजत नाहीत. ती दुसरेच काही मोजतात आणि त्यावरून ताकदीचा अंदाज बांधायचा असतो. त्यासाठी एक गुणक लागतो आणि अंदाज बिघडतो तो या गुणकापाशी.

समजा, ५० मिलिमीटर व्यासाचा कोअर पॉइंट लोड यंत्रात सुमारे ५०० किलो भाराला तुटला. त्याचा निर्देशांक येतो २ मेगापास्कल. १९७२च्या मूळ अभ्यासातला गुणक २४ आहे. तो लावला तर ताकद ४८ मेगापास्कल. अमेरिकेतल्या कोळसा खाणींच्या खडकांवर झालेल्या दहा हजारांहून अधिक चाचण्यांवरून २००० साली २१ हा गुणक सुचवला गेला. त्याने ताकद येते ४२. भारतीय कोळसा खाणींच्या छतासाठी १४ हा गुणक वापरला जातो. त्याने ताकद २८च भरते. दगड एकच, यंत्र एकच, भारही तोच. उत्तर मात्र ४८ की २८? आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट म्हटले आहे की हा गुणक सहसा २० ते २५च्या दरम्यान असला तरी वेगवेगळ्या खडकांत तो १५ ते ५० पर्यंत बदलू शकतो.

पुस्तकातला गुणक उचलून कोणत्याही खडकाला लावणे म्हणजे मोठ्यांच्या औषधाची मात्रा बाळाला देण्यासारखे आहे. योग्य मार्ग एकच. त्याच खाणीतल्या, त्याच थरातल्या काही चांगल्या नमुन्यांवर सरळ चाचणी आणि अप्रत्यक्ष चाचणी अशा दोन्ही करायच्या, त्यांचे नाते बसवायचे आणि मग बाकीच्या शेकडो तुकड्यांसाठी तो स्थानिक गुणक वापरायचा. दिशाही नोंदवायची. थरांना आडवा दाबला तर मजबूत वाटणारा शेल थरांच्या रेषेत दाबला की सहज उकलतो.

पाणी लागले की

दुसरा सापळा पाण्याचा. १९९२ साली ब्रिटनमधल्या ३५ प्रकारच्या वालुकाश्मांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरड्या आणि भिजलेल्या नमुन्यांची तुलना केल्यावर दिसले की सिलिकाने घट्ट सांधलेल्या वालुकाश्माची ताकद भिजल्यावर जेमतेम ८ टक्के घटली, तर चिकणमाती जास्त असलेल्या वालुकाश्माची तब्बल ७८ टक्के. प्रयोगशाळेच्या कपाटात महिनाभर वाळलेला नमुना आणि पावसाळ्यात झिरपणारे छत यांची ताकद एक मानता येत नाही.

ध्वनिलहरींची पद्धत तर इथे उलटी फसवू शकते. सच्छिद्र दगडातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की लहर अधिक वेगाने जाते. कारण पाण्यातून ध्वनी हवेपेक्षा कितीतरी वेगाने धावतो. म्हणजे दगड भिजून दुबळा होत असताना यंत्र तो सुधारल्याचे सांगते. नमुना ओला होता की कोरडा, हे लिहिलेले नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

पाण्याची ही ओढ तपासण्यासाठी वेगळी चाचणी आहे. फ्रँकलिन आणि चंद्रा यांनी तीही १९७२ सालीच मांडली. चाळीस ते साठ ग्रॅमचे दहा तुकडे जाळीच्या पिंपात घालायचे आणि पिंप पाण्यात दहा मिनिटे, मिनिटाला वीस फेऱ्यांनी फिरवायचे. मग तुकडे वाळवून पुन्हा तसेच करायचे. शेवटी जाळीत किती टक्के वजन उरले ते पाहायचे. काही शेल जवळजवळ तसेच राहतात, तर काहींचा चिखल होऊन निघून जातो.

या चाचणीचे घरगुती रूप एका मोठ्या दुर्घटनेनंतर गाजले. १२ मार्च १९२८ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सेंट फ्रान्सिस हे सुमारे ६० मीटर उंचीचे धरण फुटले आणि चारशेवर माणसे मेली. त्याच दिवशी मुख्य अभियंता विल्यम मुलहोलंड यांनी पाझर पाहून धरण सुरक्षित असल्याचे सांगितले होते. धरणाची पश्चिम बाजू लाल रंगाच्या गाळाच्या खडकावर टेकलेली होती. कोरडा असताना तो टणक वाटे. त्याचा तुकडा पेलाभर पाण्यात टाकला की विरघळल्यासारखा होऊन तळाशी बसे. सुरुवातीच्या चौकशांनी मुख्य दोष याच खडकाला दिला. पुढे अनेक दशकांनी झालेल्या अभ्यासात मात्र पूर्वेच्या डोंगरातली जुनी, सुप्त दरड सरकल्याने धरण फुटले, असे मत पुढे आले. पेल्यातला खडक वाईट होताच. पण एक दोष सापडला म्हणून दुसरा शोधायचा थांबू नये, हा धडा शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनाही चांगला माहीत असतो.

तुकडा म्हणजे छत नव्हे

ताकदीचा आकडा बरोबर आला, तरी प्रश्न सुटत नाही. मुठीएवढा तुकडा मजबूत आहे याचा अर्थ छत मजबूत आहे असा नाही. भारतात धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेने आणि तिथल्याच इंडियन स्कूल ऑफ माइन्सने मिळून १९८०च्या दशकात कोळसा खाणींच्या छतासाठी गुणपत्रिका तयार केली. एकूण गुण शंभर. त्यात थरांच्या जाडीला ३०, भेगा आणि इतर दोषांना २५, पाण्याने झिजण्याला २०, खडकाच्या ताकदीला १५ आणि पाझरणाऱ्या पाण्याला १०. म्हणजे ज्या ताकदीसाठी एवढा खटाटोप, तिच्या वाट्याला शंभरातले पंधराच गुण. मजबूत दगडाचे पातळ, सुटे थर हे मध्यम दगडाच्या जाड, अखंड थरापेक्षा धोकादायक ठरू शकतात.

या गुणांवरूनच छताला किती आधार द्यायचा ते ठरते. चार मीटर रुंद बोगद्याच्या छताला ५० गुण मिळाले, तर सूत्रानुसार दर चौरस मीटरला साधारण सव्वातीन टनांचा भार पेलण्याची तयारी ठेवावी लागते. तेच गुण ४० झाले तर भार पाच टनांच्या घरात जातो. दहा गुणांचा फरक म्हणजे दीडपट आधार. लोखंडी बोल्ट किती आणि किती जवळ ठोकायचे, हे या फरकावर अवलंबून असते. नमुना कोरडा घेतला, दुबळा थर अहवालातून सुटला, परका गुणक लावला, अशा लहान-लहान चुका एकाच दिशेने साचल्या, तर आधार कागदावर पुरेसा आणि प्रत्यक्षात अपुरा राहतो.

अप्रत्यक्ष चाचणी म्हणजे दुय्यम चाचणी असे मात्र समजू नये. शंभर मीटरवर एकदा केलेल्या नेमक्या चाचणीपेक्षा दर काही मीटरवर केलेल्या साध्या चाचण्या छताचे खरे चित्र दाखवतात, कारण गाळाचा खडक पावलोपावली बदलतो. दवाखान्यातही एकदा काढलेल्या महागड्या स्कॅनपेक्षा रोज नोंदवलेली नाडी, ताप आणि रक्तदाब कित्येकदा धोका आधी सांगतात. अट एवढीच की आकड्यासोबत चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात : कोणत्या थराचा नमुना, ओला की कोरडा, थरांच्या कोणत्या दिशेने दाबला आणि गुणक कुठून घेतला.

बोगदा पुढे सरकतो तसे छतही बदलते. म्हणून चाचण्या एकदा करून फाइलला लावता येत नाहीत. छत किती मिलिमीटर खाली आले ते दाखवणारी साधी यंत्रेही बसवावी लागतात. आकडे समाधानकारक असतानाही पहारीखाली आवाज पोकळ आला, तर आधी माणसे मागे घ्यायची आणि मग पुन्हा मोजायचे. धोका दिसताच कामगारांना बाहेर काढण्याची तरतूद खाण कायद्यात आहे. ती वापरणाऱ्या सरदाराला किंवा ओव्हरमनला उत्पादन थांबल्याचा जाब विचारला जात नाही, अशा खाणीत वरील सगळ्या चाचण्यांचा खरा उपयोग होतो.